दुसऱ्या सत्रात गाणं कोण म्हणत होतं?

प्रगतिपुस्तक पालकांसाठी असतं, असं आम्हाला डी.एड.च्या वर्गात शिकवलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर बत्तीस वर्षं बाई म्हणून काढल्यावर आता सांगते, ते वाक्य मी खोडून टाकलंय. प्रगतिपुस्तक असतं कार्यालयासाठी. कार्यालयाला हवं ते त्यात लिहायचं आणि पालकाकडून खालच्या चौकोनात सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा.

या अंकाच्या संपादकांनी "विद्यार्थ्यांच्या गोड आठवणी" असं सुचवलं होतं. गोड आठवणी माझ्याकडेही आहेत. पण लिहायला बसले की एकच आठवण सगळ्यांना ढकलून पुढे येते आणि माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी फिरतंच. तेव्हा आज तीच सांगते.

ज्यांनी सरकारी शाळेचं प्रगतिपुस्तक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जाड कागदाची घडी असते. जूनपासून दिवाळीपर्यंत पहिलं सत्र, दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत दुसरं. प्रत्येक विषयापुढे श्रेणी लिहायची, अ-एक, अ-दोन, ब-एक अशी उतरत जाणारी. त्याखाली नोंदी, म्हणजे मूल काय छान करतं, कशाची आवड आहे, कुठे सुधारायला हवं, हे वाक्यांत लिहायचं. शेवटी "वर्ग उन्नत" असा शिक्का, म्हणजे पुढच्या वर्गात घातलं. नापास हा शब्दच पुस्तकात नाही. तो काढला तेव्हा मीसुद्धा खूश झाले होते, कारण नापास झालेलं पोर घरी मार खातं आणि शाळा सोडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पालकांना मात्र हे नवं पुस्तक कधी उमगलंच नाही. खर्डीला असताना एक वडील होते, रोज लोकलने कल्याणला कारखान्यात जाणारे. त्यांनी मला दारातच धरलं. "मॅडम, हे अ-दोन म्हणजे टक्के किती?" मी म्हटलं, एक्याऐंशी ते नव्वदच्या मध्ये. "मध्ये म्हणजे? एक्याऐंशी आणि नव्वदमध्ये नऊचा फरक आहे. आपण फास्ट आणि स्लोचं एकच तिकीट काढतो, पण टाइम एकच लागतो का?" त्यांनी मनाने नव्वद धरले आणि आळीत पेढे वाटले. पुढच्या वर्षी मुलाला अ-एक मिळाला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी शहापूरला जाऊन प्रगतिपुस्तक लॅमिनेट करून आणलं, आणि सही केली ती प्लॅस्टिकवर, मार्करने. दुसऱ्या सत्राचे रकाने आत कोरे अडकलेले. मी म्हटलं, आता मी कुठे लिहू? ते म्हणाले, "कशाला लिहिताय? याच्या वर आता काय येणार आहे?" आम्ही शिक्षकांनी तो किस्सा वर्षभर पुरवून खाल्ला.

दुसरा किस्सा हसण्याजोगा नाही. मुरबाडकडे बदली झाली त्या पहिल्याच वर्षी निळं पेन संपलं म्हणून एका मुलीच्या पुस्तकात मी लाल पेनाने लिहिलं, "अक्षर सुंदर आहे." दुसऱ्या दिवशी तिच्या पायांवर वळ होते. बापाला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या काळी लाल शाई म्हणजे नापास, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. त्या पोरीला सुंदर अक्षराबद्दल मार बसला. मी रडले, आणि त्या दिवसापासून एक रीत पाडली. पालकाला समोर बसवायचं, प्रगतिपुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. बाकीचे शिक्षक निकालाच्या दिवशी दहा मिनिटांत पन्नास अंगठे घेऊन मोकळे व्हायचे. माझे तीन-तीन दिवस जायचे. या रीतीचा मला भारी अभिमान होता. तोच अभिमान पुढे माझ्यावर उलटला.

माझी शेवटची शाळा सिद्धगडाच्या डोंगराखाली, कातकऱ्यांच्या वाडीवर. वाडीचं नाव लिहीत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन शिक्षक, मी आणि घोलप सर. वाडीत आपसात बोली वेगळी, आमच्याशी मराठी. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जायची, भिवंडीकडे नाहीतर कल्याणकडे, आणि मुलंही आईबापांबरोबर जायची. भट्टीजवळच्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून आम्ही मुलांना कागद करून द्यायचो. पण भट्टी एकीकडे, शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, आणि मोठ्या मुलीने धाकट्याला सांभाळलं तरच आईचे हात मोकळे. कागद तसाच घडी होऊन परत यायचा. निकाल लागायचा तेव्हा ही माणसं भट्टीवरच असत. त्यांची पुस्तकं कपाटात राहत आणि मी ती जूनमध्ये, माणसं परतल्यावर, वाचून दाखवी.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. भट्टीवर गेलेल्या मुलांचं दुसरं सत्र आम्ही भरत होतो. होय, भरत होतो, मी आणि घोलप सर, आणि आमच्यासारखे कितीतरी. मूल पटावर आहे ना, मग रकाना कोरा का, असा वरून प्रश्न यायचा. संगणकावर माहिती भरताना एक जागा रिकामी राहिली तर सगळी शाळा अडकायची. हजेरी कमी दिसली की खुलासा द्या. म्हणून एप्रिलअखेर आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. बाजारात नोंदींची तयार पुस्तिका मिळते, वाक्यांना क्रमांक दिलेले असतात. घोलप सर वाचायचे, "सात नंबर," आणि मी लिहायची, "परिपाठात गाणे म्हणते." "बारा नंबर." "सहलीत उत्साहाने सहभागी होते." माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. मध्ये चहा व्हायचा. दोघांपैकी कोणालाच आपण काही वाईट करतोय असं वाटत नव्हतं, आणि याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

त्या जूनमध्ये चौथीतल्या वंदनाचं पुस्तक घ्यायला तिची आई आली, बुधीबाई. दर वर्षी बाप यायचा, मान डोलवायचा, अंगठा उठवून जायचा. या वेळी चौथी संपलेली, दाखला काढून मुलीला पाचवीला मोठ्या गावातल्या शाळेत घालायचं, म्हणून आई स्वतः आली होती. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली, वंदना तिच्यामागे. मी वाचायच्या आधीच तिने शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तयार ठेवला. मी म्हटलं, थांबा, आधी ऐका.

पहिलं सत्र वाचलं. बुधीबाई ऐकत होती. मग त्याच चालीत, त्याच सुरात मी दुसरं सत्र वाचायला लागले. "परिपाठात गाणे म्हणते. सहलीत उत्साहाने सहभागी होते."

"कदी?" बुधीबाई म्हणाली.

"दुसऱ्या सत्रात."

"म्हंजे कदी, बाई?"

"दिवाळीनंतर."

तिने अंगठा तसाच हवेत धरला होता. "दिवाळीनंतर ही माझ्यासंगती भट्टीवर होती. बारक्याला हीच बघायची. मंग हितं गाणं कोन म्हनत होतं?"

व्हरांड्यात बसलेल्या बायका हसल्या. मीही हसले, काहीतरी निभावून न्यायचं म्हणून. बुधीबाई हसली नाही. ती मागे वळली. "गो वंदे, तू सहलीला गेलीस?"

वंदनाला वाटलं, तिच्यावर आळ आलाय. ती घाबरून म्हणाली, "नाय गो आय, मी नाय गेली. खरंच नाय गेली."

न केलेल्या सहलीबद्दल ते पोर गयावया करत होतं, आणि ज्या बाईने ती सहल लिहिली ती मी, हातात पुस्तक धरून समोर बसले होते. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

बुधीबाईने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मुलीपुढे धरलं. "ऱ्हाऊ दे ती सहल. तुला वाचता येतं ना? काय लिव्हलंय वाच."

वंदनाने पुस्तक दोन्ही हातांत धरलं. ओळीखाली बोट ठेवलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "परिपाठात गाणे म्हणते. सहलीत उत्साहाने सहभागी होते." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बुधीबाईचा चेहरा सैल झाला. "वाचते की गो," ती म्हणाली, आणि पॅडवर वाळलेला अंगठा पुन्हा घासला.

वंदनाचं बोट हजेरीच्या आकड्यांवरून फिरत होतं. नोंदींची ओळ चार बोटं खाली होती. आत्ता मी वाचलेलं तिने नुसतं ऐकून पाठ म्हटलं होतं. चार वर्षांत माझ्या शाळेने तिला एवढंच शिकवलं होतं, की बोट कसं फिरवायचं.

हे व्हरांड्यात फक्त मला कळलं होतं. मी गप्प बसले असते तर अंगठा उठला असता, दाखला गेला असता, मुलगी पाचवीला. तिथे पन्नास मुलांच्या वर्गात कोणी तिला अक्षरओळख करून देणार नव्हतं. निवृत्तीला माझं एकच वर्ष राहिलं होतं. खोटं कशाला बोलू, दोन-तीन श्वास मी खरोखर गप्प बसले होते.

मग म्हटलं, "बुधीबाई, ती वाचत नाही. मी म्हटलं तेच तिने पाठ म्हटलं. तिला वाचता येत नाही."

"मंग ह्यात काय लिव्हलंय?"

"मराठी, ब-दोन. म्हणजे बरं येतं."

"कोनी लिव्हलं?"

"मी."

तिने अंगठा व्हरांड्याच्या खांबाला पुसला, नीट, दोनदा. म्हणाली, "खोट्यावर मी अंगठा नाय देनार. हिला नापास करा."

बत्तीस वर्षांत पालकांनी माझ्याकडे काय काय मागितलं. एक मार्क वाढवा, नंबर वर आणा, हजेरी पुरी करा. पोटच्या पोरीला नापास करा, असं मागणारी ही पहिलीच. मी तिला नियम समजावून सांगितला, की आता कोणाला नापास करत नाहीत. ती म्हणाली, "का नाय? तिला येत नाय तर चौथीतच ठेवा. ती काय आंबा हाय, वर्साला पिकलीच पायजेल?"

मी तालुक्याला कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांचं पद सांगितलं तरी ओळखू येतील. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी सात नंबर आणि बारा नंबरसकट. म्हटलं, मी चुकीचं लिहिलंय, मला ते दुरुस्त करायचंय, आणि ही मुलगी वर्षभर चौथीत राहू द्या. ते आधी दचकले, मग हसले. म्हणाले, "मॅडम, जाता जाता कशाला? संगणकावर ती पाचवीत गेली. तुम्ही आता खाली ओढलीत तर तुमच्या शाळेची श्रेणी खाली येईल." मी म्हटलं, आई अंगठा देत नाही. त्यांनी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "अंगठाच आहे ना? कोणाचाही लावा. अंगठ्यावर काय नाव लिहिलेलं असतं का?"

मी तिथे आरडाओरडा केला. तो माझ्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा. म्हटलं, साहेब, तुमच्या मुलाच्या शाळेतून असं पुस्तक आलं असतं तर त्या शाळेच्या दारात तुम्ही किती गाड्या उभ्या केल्या असत्या? तुमच्या मुलाला एक श्रेणी खाली मिळाली तर शिकवणी बदलता, आणि या पोरीला अक्षर येत नाही म्हणून तिची आई ओरडतेय तर तिचा अंगठा दुसऱ्याच्या हातावर शोधता? या देशात मूल शिकलं नाही तरी चालतं, रकाना कोरा राहिलेला चालत नाही, असं मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथे छापता येणार नाही. बाहेर लिपिक मंडळी चहाचे पेले हातात धरून ऐकत उभी होती. नंतर मला एक समजपत्र आलं, वर्तनाबद्दल. ते मी जपून ठेवलंय.

दाखला बुधीबाईने नेलाच नाही. शाळा सुरू झाल्यावर आठवड्याने ती वंदनाला हाताला धरून आली आणि चौथीच्या बाकावर बसवून गेली. तिने मला विचारलं नाही आणि मीही तिला नको म्हटलं नाही. वंदनाचं नाव पटावर नव्हतं, हजेरीत नव्हतं. मी तिला पहिलीच्या पुस्तकापासून धरली. दुपारी खिचडी झाली की एक तास तिचा. पहिल्या महिन्यात ती माझं तोंड बघून पाठ करायची, म्हणून मी बोलणंच बंद केलं. नुसती अक्षरं दाखवायची आणि गप्प बसायचं. ती चिडायची, मी चिडायची. घोलप सर म्हणायचे, बाई, तपासणीला कोणी आलं तर ही कोण म्हणून सांगायचं? मी म्हणायची, माझी चूक म्हणून सांगा.

दिवाळी आली. मी मनातून सोडून दिलं होतं, कारण भट्टीवर नवराबायकोच्या जोडीला काम मिळतं, एकट्याला कोणी उभं करत नाही. पण बुधीबाईने नवऱ्याला त्याच्या भावाच्या जोडीत पाठवलं आणि स्वतः मुलांना घेऊन मागे राहिली. हिवाळाभर दुसऱ्यांच्या माळांवर गवत कापायला जायची. बारक्याला पाठीशी बांधून. वंदना जानेवारीत दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, फेब्रुवारीत गोष्ट. हे मी अभिमानाने लिहीत नाही. जे काम चार वर्षांत करायचा मला पगार मिळाला, ते मी पाचव्या वर्षी चोरून केलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्या वर्षी ती मुलगी खरोखर शाळेत आली, त्या वर्षाची कुठल्याच कागदावर नोंद नाही.

म्हणजे तसं मला वाटत होतं.

मे महिन्यात मी निवृत्तीची आवराआवर करत होते. कपाटातून वंदनाचं चौथीचं पुस्तक काढून बाजूला ठेवलं होतं, अंगठ्याचा चौकोन अजून कोरा. तेवढ्यात बुधीबाई आली, वंदना बरोबर. बुधीबाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत एक नवंकोरं प्रगतिपुस्तक. मोठ्या गावातल्या शाळेचा माणूस वाडीवर येऊन देऊन गेला होता. तिथे पट कमी पडत होता, पट कमी झाला की शिक्षकाची जागा जाते. त्यांनी संगणकावरूनच वंदनाचं नाव आपल्याकडे ओढून घेतलं होतं. पाचवीचं पुस्तक, दोन्ही सत्रं भरलेली, वर्ग उन्नतचा शिक्का. वंदनाने त्या शाळेचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं.

बुधीबाई भिंतीला टेकून बसली, गेल्या वर्षीच्याच जागी. "अंगठा मागतात," ती म्हणाली. "तुमी वाचून दावा. तुमचीच रीत हाय."

मी चष्मा शोधत होते. वंदनाने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. बोट ओळीखाली आलं. या वेळी बरोबर ओळीखाली. ती अडखळत, अक्षर अक्षर जोडत वाचायला लागली, आणि तिच्या आईच्या तोंडावर हसू फुटायला लागलं.

"प-रि-पा-ठा-त... परिपाठात... गा-णे..."

वंदना थांबली. तिने ओळ पुन्हा मनात वाचली, मग पुढची वाचली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या आयुष्यातलं, स्वतःबद्दल लिहिलेलं, स्वतः वाचलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"काय गो, काय लिव्हलंय?" बुधीबाईने विचारलं.

"आय," वंदना म्हणाली, "अंगठा नको देऊस."